भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात?

नवी मुंबईत पामबीच रस्त्याने जाताना रोहित पक्षी जागोजागी दिसतात, पण सिमेंटचे आणि फायबरचे. चौकांत ते उभे आहेत, उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि बागांच्या भिंतींवर रंगवले आहेत. शहराला आता ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणायची पद्धत पडली आहे. खरे रोहित याच रस्त्याच्या पश्चिमेला, कांदळवनाच्या अलीकडच्या तळ्यांत उभे असतात. म्हणजे नेहमी नाही, काही ठरावीक तासच.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत या तळ्यांचा विषय निघाला होता. तळ्याच्या जागेवर काही बांधलं जाणार अशी कुजबुज होती आणि एका निवेदनावर सह्या गोळा करायच्या होत्या. एक शेजारी उठून म्हणाले, “अहो, पलीकडे खाडीत त्यांना अख्खं अभयारण्य दिलंय. मग हे डबकंही त्यांनाच कशाला?” प्रश्न कुत्सित नव्हता. अगदी सरळ होता, आणि सभेत कुणालाच, मलाही, त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी एक खुलासा. मी पक्षिशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, सगळं आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं. पक्ष्यांची वहीही मी त्याच सवयीने ठेवत आलो: तारीख, तिथी, वेळ, पाणी किती, पक्षी किती. चौदा वर्षांच्या त्या नोंदींतून आणि मिळेल ते वाचून जे उमजलं, ते इथे मांडतो आहे.

अभयारण्याची रेघ

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. ६ ऑगस्ट २०१५ रोजी तिचा काही भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून जाहीर झाला. क्षेत्र जवळजवळ १७ चौरस किलोमीटर. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग कांदळवनाचा, उरलेला पाण्याचा आणि चिखलाचा. पुढे भोवतीचा पट्टा पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरला आणि २०२२ साली हे सगळं मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. दोन महानगरांच्या मधल्या खाडीला असा मान मिळावा, ही मोठी गोष्ट आहे.

इथे येणारे रोहित दोन जातींचे. मोठा रोहित उंच, फिकट. छोटा रोहित बुटका आणि अधिक गुलाबी. छोटा रोहित जगभरातच संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत गणला जातो. बीएनएचएसने केलेल्या गणनेत २०१९ मध्ये या परिसरात एक लाखाहून अधिक रोहित मोजले गेले. साधारण नोव्हेंबरात ते येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. त्यांची वीण कच्छच्या रणासारख्या ठिकाणी होते. इथे ते येतात ते खायला.

छोट्या रोहितचं मुख्य खाद्य म्हणजे नीलहरित शेवाळ. चोच उलटी करून तो चिखलपाणी आत ओढतो आणि चोचीतल्या गाळणीतून शेवाळ तेवढं ठेवून घेतो. खाडीत हे शेवाळ माजण्यामागे दोन्ही काठांच्या वस्त्यांतून येणाऱ्या सांडपाण्याचाही हात आहे. तेव्हा ही जागा ‘निसर्गरम्य, अस्पर्शित’ वगैरे कधीच नव्हती. शहराच्या घाणीसकट ती पक्ष्यांनी स्वीकारली आहे. शहर आणि पक्षी यांचं नातं इथे सुरुवातीपासूनच गुंतलेलं आहे.

तिथीची पाऊणपट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोहित खातो तो चिखलावर. चिखल उघडा पडतो ओहोटीला. मग भरतीला तो काय करतो?

दिवाळे गावच्या बंदरावर एका वयस्कर कोळी काकांनी मला एक हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला नि अवसेला सव्वाअकराच्या पुढे. जेवढ्या वाजता सकाळी, साधारण तेवढ्याच वाजता पुन्हा संध्याकाळी किंवा रात्री. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. खाडीत जितकं आत जावं तितका थोडा उशीर धरायचा. सरकारी भरती-ओहोटीचं कोष्टक अधिक काटेकोर असतं, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो.

भरतीला चिखल पाण्याखाली जातो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तर खाडीत उभं राहायला जागाच उरत नाही. रोहित पोहू शकतो, पण तासन्‌तास पोहत राहणं त्याला परवडणारं नाही. त्याहून लहान असलेल्या चिखल्या, तुतवार, पाणटिवळा या पक्ष्यांची अवस्था अधिक बिकट. हजारो किलोमीटरांचा प्रवास करून ते आलेले असतात आणि तेवढाच परत करायचा असतो. त्यासाठी अंगात चरबी साठवायला हवी. भरतीच्या चार-पाच तासांत बसायला जागा मिळाली नाही तर ते घिरट्या घालत राहतात आणि ओहोटीला मिळवलेलं भरतीला खर्च करून टाकतात. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर जमेपेक्षा नावे बाजू मोठी होते.

म्हणून भरती चढू लागली की थवे उठतात आणि काठावरच्या उथळ तळ्यांवर येतात. तिथे पाणी घोट्या-गुडघ्याएवढं असतं. ते झोपतात, पिसं साफ करतात, थोडं खातातही. पाणी उतरलं की परत खाडीत. हा क्रम दिवसा चालतो तसा रात्रीही. नेरूळची एनआरआय वसाहतीमागची पाणथळ, टी. एस. चाणक्यजवळची जागा, डीपीएस तळं, पलीकडे उरण भागातली बेलपाडा, भेंडखळ, पाणजे ही त्यांची भरतीची मुक्कामाची ठिकाणं. अभ्यासक त्यांना खाडीच्या ‘उपग्रह पाणथळी’ म्हणतात. यांतली एकही जागा २०१५ च्या अभयारण्याच्या रेघेच्या आत नाही.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. अभयारण्य म्हणजे रोहितचं जेवणघर आणि तळं म्हणजे त्याची झोपायची खोली. आपण जेवणघराला कुलूप लावून ते सुरक्षित केलं आणि झोपायची खोली विकायला काढली. एकाच पक्ष्याच्या एकाच दिवसाचे हे दोन भाग आहेत. त्यांतला एक राखला म्हणजे पक्षी निम्मा वाचतो असं होत नाही.

याचा आणखी एक परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. एकदा अशाच एका तळ्यावर पाहणीसाठी काही मंडळी आली होती. दुपारचे बारा वाजले होते आणि तिथी होती अष्टमी. म्हणजे भर ओहोटी. तळ्यात दहा-बारा शेकाट्या सोडल्या तर काही नव्हतं. ‘पक्ष्यांचा वावर अत्यल्प’ अशी नोंद करून ती मंडळी गेली. त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. संध्याकाळी सहाला त्याच तळ्यात मी साडेतीनशे रोहित मोजले. म्हणून पाणथळीच्या कोणत्याही अहवालात तारखेसोबत भरतीची वेळ लिहिली आहे का, हे मी आता सर्वांत आधी बघतो. बहुतेक वेळा ती नसते.

आगर, बांध आणि उघाडी

ही तळी आली कुठून? नैसर्गिक म्हणावीत तर तशी ती नाहीत. या किनाऱ्यावर शेकडो वर्षं माणसांनी खाजणात बांध घातले. काही ठिकाणी खारभात पिकवलं, काही ठिकाणी मिठागरं केली. मिठाच्या आगरावरूनच आगरी हे नाव आलं असं मानतात. बांधाला उघाडी असे, म्हणजे भरतीचं पाणी हवं तेव्हा आत घ्यायचं आणि नको तेव्हा अडवायचं दार. या दारामुळे आत पाणी नेहमी उथळ राही. पक्ष्यांना भरतीच्या वेळी नेमकं तेच हवं असतं. आगऱ्याने मिठासाठी केलेली सोय पक्ष्याने विश्रांतीसाठी वापरली.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, त्यात पाच जण गोळीबारात गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या संघर्षातून आली. हा इतिहास इथे आठवायचं कारण असं, की ‘विकास विरुद्ध पक्षी’ अशी मांडणी करताना या जमिनीवर आधी माणसं होती, त्यांचे व्यवसाय होते आणि उघाडीची किल्ली त्यांच्याकडे होती, हे आपण विसरतो. बांध राखणारा माणूस गेला तेव्हा तळं राखणाराही गेला.

नव्या शहराने पाण्याची दुसरी व्यवस्था केली. सखल जमिनीत भरतीचं पाणी शिरू नये म्हणून बांध, झडपांची दारं आणि धारण तलाव केले. भरतीला खाडीचा दाब वाढला की झडप बंद होते. त्या वेळी पाऊस पडत असेल तर त्याचं पाणी धारण तलावात थांबतं आणि ओहोटीला झडप उघडून बाहेर जातं. हॉलंडात अशीच पद्धत आहे. आमचं घर ज्या सेक्टरमध्ये आहे, तो कोरडा राहतो तो या तलावांमुळे. पाणथळ जागा भरून टाकल्या तर पक्ष्यांचं काय होईल हा प्रश्न ज्यांना हळवा वाटतो, त्यांनी २६ जुलै २००५ आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पावसात भरती असली की पाण्याला थांबायला जागा लागतेच. ती आपण ठेवली नाही तर पाणी ती आपल्या घरात शोधतं.

व्याख्येतून गळलेली जागा

कायद्याने या जागा का राखल्या जात नाहीत? उत्तर व्याख्येत आहे.

कांदळवनाला संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि मग सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते भक्कम केलं. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. पण रोहितला दाट तिवराच्या जंगलात उतरता येत नाही. त्याला मोकळं, उथळ पाणी हवं. उघड्या चिखलावर तिवराची रोपं लावली की कागदावर हिरवळ वाढते आणि पक्ष्यांची खायची जागा कमी होते. एका ठिकाणचं तळं बुजवून त्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावणं ही तर भरपाईच नव्हे. कारण गेलं ते पाणी, आणि मिळालं ते झाड.

पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. पण त्यांच्या व्याख्येतून भातखाचरं, मत्स्यशेतीसाठी केलेली तळी आणि मीठ उत्पादनासाठी केलेल्या रचना वगळल्या आहेत. त्यामागे कारण आहे. शेतकऱ्याला आणि आगऱ्याला रोजच्या कामात परवानग्यांचा जाच होऊ नये. परंतु मीठ पिकणं थांबल्यावर काय? आगर बंद पडतं, पाणी राहतं, पक्षी येतात, आणि जागा मात्र ‘मिठागर’ या नावाखाली पाणथळीच्या यादीबाहेर राहते. २०२४ मध्ये कांजुरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला, त्यावरून उठलेल्या वादाच्या मुळाशी हाच व्याख्येचा प्रश्न आहे.

नेरूळच्या एनआरआय वसाहतीमागच्या पाणथळीवर निवासी संकुल आणि गोल्फचं मैदान करायचं योजलं होतं. स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकेका तळ्यासाठी नागरिकांनी अशी वर्षानुवर्षं लढाई द्यायची, हा काही नियोजनाचा मार्ग नव्हे.

पाण्याची वाट

तळं वाचवायला नुसती जमीन राखून भागत नाही. डीपीएस तळ्याने हे शिकवलं. तिथे कुणी इमारत बांधली नव्हती. पण भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या. नवं पाणी येईना, जुनं आटत गेलं, तळ कोरडा पडू लागला. २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गोंधळलेले रोहित आसपासच्या रस्त्यांवर उतरलेले लोकांनी पाहिले. काही मेले. जमिनीचा एक चौरस फूटही न बळकावता अधिवास नष्ट करता येतो, एवढंच यातून कळतं. पुढे २०२५ मध्ये सुमारे ३० एकरांचं हे तळं संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. आनंदाची गोष्ट आहे. पण पाटी लावून भागणार नाही. पाण्याची वाट मोकळी आहे की नाही, हे दर उधाणाला कुणीतरी जाऊन पाहायला हवं.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धारण तलावांत गाळ साचला, त्यात तिवर उगवली, आणि तिवराला हात लावायचा नाही म्हणून गाळ काढणं अडलं. तलावाची खोली गेली की पावसाळ्यात आसपासच्या वस्तीला धोका. इथे आंधळ्या संरक्षणाने पक्ष्यांचंही भलं होत नाही, कारण गच्च तिवरांत त्यांनाही जागा राहत नाही. गाळ किती, कुठला, कोणत्या महिन्यात काढायचा, याची योजना हवी. रोहित नसतात असे महिने वर्षात आहेत.

विमान आणि थवा

२० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला घाटकोपरवर रोहितांचा थवा धडकला. चाळीसच्या आसपास पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं. बातमी वाचून मी पंचांग काढलं. त्या दिवशी वैशाख शुद्ध द्वादशी, दुपारनंतर त्रयोदशी. पाऊणपटीने भरती येते रात्री नऊ ते पावणेदहाच्या सुमारास. टक्कर झाली तीही नऊच्या आगेमागे. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण थवे जागा बदलतात तीच ही वेळ होती, एवढं नक्की म्हणता येतं.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. विमानतळाजवळ पक्षी नकोत म्हणून तळी बुजवावीत, असा युक्तिवाद आता ऐकू येतो. तो वरवर पटतो. पण भरतीला बसायची जागा गेली म्हणून पक्षी खाडी सोडत नाहीत, ते दुसरी सपाट, मोकळी, पाणी साचलेली जागा शोधतात. बीएनएचएसच्या अभ्यासकांनीही हाच इशारा दिला आहे, की मुक्कामाच्या जागा नष्ट झाल्या तर थवे विमानतळाच्या परिसराकडे वळू शकतात. पक्षी कुठे आणि कधी बसणार हे माहीत असणं विमानाच्याही हिताचं आहे. त्यांना बेघर करून भटकायला लावणं हा सुरक्षेचा उपाय नाही.

घरंही हवीत

आता शेजाऱ्यांच्या बाजूने. या शहरात घरं लागणार, रस्ते लागणार. आमची इमारतही खाजणातल्या भरावावरच उभी आहे. तेव्हा दार लावून घेऊन मागच्याला ‘आता नको’ म्हणण्याचा अधिकार मला नाही. प्रश्न कुठे आणि कसं बांधायचं, एवढाच आहे.

हाँगकाँगसारख्या जागेच्या टंचाईने गांजलेल्या शहराचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. तिथे माय पो नावाची पाणथळ आहे. ती मुळात कोळंबीची तळी, उघाडीसारखी दारं असलेली. मच्छीमारांचा धंदा मंदावल्यावर १९८० च्या दशकापासून निसर्गसंस्थेने ती तळी चालवायला घेतली. दारं उघडून-मिटून काही तळ्यांतलं पाणी मुद्दाम उथळ ठेवतात, ते भरतीच्या वेळी पक्ष्यांना बसता यावं म्हणून. १९९५ मध्ये ती जागा रामसर यादीत आली. नगररचनेच्या मार्गदर्शक सूचनांत तळ्यांचा गाभा राखून त्याभोवती सुमारे ५०० मीटरचा मधला पट्टा ठरवला. त्यात बांधायचं तर पाणथळीचं नुकसान होणार नाही हे आधी दाखवायचं. तिथेही आज नव्या उपनगरांचा रेटा आहे आणि वाद चालू आहेत. पण वाद घालायला एक नकाशा आहे, आणि त्या नकाशात भरतीची जागा खुणावलेली आहे.

आपल्याला तेवढं करता येईल. अभयारण्य आणि भरतीच्या मुक्कामाची सगळी तळी एकाच नकाशावर, एकाच योजनेत घ्यावीत. मीठ पिकणं थांबलेल्या आगराची पाहणी झाल्याशिवाय त्याला ‘पडीक’ म्हणू नये. प्रत्येक पाहणी भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा व्हावी. तळ्यांवरून उंच दिवे, फलक आणि विजेच्या तारा नेऊ नयेत. आणि उघाडीची किल्ली पुन्हा कुणाच्या तरी हाती द्यावी. दिवाळे, सारसोळे, करावे या गावांत भरती-ओहोटी तोंडपाठ असलेली माणसं अजून आहेत. तळी राखायचं काम त्यांना पगारी मिळालं तर ते माझ्यासारख्या वहीवाल्यापेक्षा चांगलं करतील. बाकीच्या जमिनीवर घरं व्हावीत, उंच व्हावीत, त्याला विरोध करायचं कारण नाही.

आमच्या सोसायटीच्या सभेत प्रश्न विचारणारे शेजारी गेल्या माघात माझ्यासोबत तळ्यावर आले. पौर्णिमा होती. आम्ही दहाला पोहोचलो तेव्हा तळं रिकामं होतं, आणि ते माझ्याकडे जरा संशयानेच बघत होते. अकराच्या सुमारास खाडीच्या बाजूने पहिला थवा आला. मग दुसरा. पुढच्या अर्ध्या तासात आम्ही सातशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. परतताना त्यांनी विचारलं, “उद्या किती वाजता येतील?”

पाऊण तास उशिरा, मी सांगितलं.